डावीकडं गार पाणी

कवठे महांकाळ,
२ सप्टेंबर २०२५

प्रिय लियाकत यास सयाजीचा जयहिंद.

विषय: स्वयंपाकघरातील मिक्सर नळ बदलणे.

पत्र बघून हसू नकोस. फोन करून उपयोग नाही, कारण बोअरच्या मशिनीनं तुझे कान खाल्लेत. तुझ्या सरफराजच्या मोबाइलवर लिहून पाठवलं, तर ते तासाभरात आमच्या यशराजला कळतं. एक तुझ्या दुकानात उंब्रजला आणि एक लेहच्या पुढं बर्फात, पण दोघांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून कागद.

तर तू शहाण्णव साली आमच्या भिंतीत बसवलेला नळ आता म्हातारा झाला. गरम पाण्याची चावी सहा वेळा फिरवावी तेव्हा धार येते आणि बंद करताना दोन्ही हातांनी आवळावी लागते. तरी ठिबकणं चालूच. सांगलीला जाऊन आलो. दुकानदारानं भिंतभर नळ दाखवले, माझं डोकं फिरलं. माझ्या अटी एवढ्याच. नळ एका बोटानं उघडला पाहिजे. डाव्या हाताला चालला पाहिजे. कोपरानं ढकलता आला तर उत्तम.

घाई आहे. यशराज अठरा ऑक्टोबरला दिवाळीच्या रजेवर येतोय. त्यानं मागंच सांगितलंय, आता तुम्ही दोघं एकटे नको, पुण्याच्या फ्लॅटवर सृष्टीजवळ राहा. सूनबाई चांगली आहे, प्रश्न तो नाही. तू मला घरजावई म्हणून चिडवतोस, ते खरंच आहे. ही जागा मनुबाईच्या वडिलांची, आणि मी नोकरीवर असताना घर तिनं एकटीनं उभं केलं. ती म्हणते, इथून हलले की मी संपले. यशराजला सगळं ठाकठीक दिसलं पाहिजे. काही बिघडलेलं दिसलं की तो आमचं सामान बांधायला घेईल.

कोणता नळ घ्यावा, ते कळव.

तुझा,
सयाजी


उंब्रज,
७ सप्टेंबर

सयाजी गड्या, सलाम.

आरं, तुला नळ घ्यायचाय का शत्रूच्या चौकीवर हल्ला करायचाय? 'विषय' म्हनं! 'अटी' म्हनं! हुसेनबी असती तर पोट धरून हसली असती. तिला जाऊन दोन वर्सं झाली, पण तुझं पत्र आलं की अजून वाटतं, आत जाऊन वाचून दाखवावं.

आता नीट ऐक. नळ दुकान बगून घ्यायचा नसतो, टाकी बगून घ्यायचा असतो. दुकानात भिताडावर टांगल्याला नळ समदाच देखणा दिसतो, त्याच्यात पाणी कुठं असतंय? तवा पयलं मला हे सांग, टाकीचं बूड नळापासनं किती फूट वर हाय? पाणी अजून बोअरचंच का नळयोजनेचं आलं? सोलर चालू हाय न्हवं? आन जुन्या नळाचं दोन जोड भिंतीत हायत, त्यांच्यातलं अंतर मोज. मध्यापासनं मध्यापातुर मोज, काठापासनं न्हवं. फौजेत नकाशे वाचलंस, एवढं जमंल. माझं उत्तर येईस्तवर काय बी इकत घिऊ नगंस.

आन कोपरानं कशापायी रं? दवाखाना काढतुयास का काय?

एक आणखी. तुझ्या दर पत्राखाली वहिनी दोन ओळी लिवत्यात. जेवला का, लोणचं मुरलं का, हुसेनबीच्या गुडघ्याला काय लावलं. घर बांधताना दोन म्हैनं त्यांच्या हातचं खाल्लंय म्या, त्या ओळी वाचल्या की अजून भूक लागती. या वेळंला कागुद तिथं कोराच. माझ्यावर रुसल्या का?

माझं म्हणशील तर धडधाकट हाय. दुकान सरफराज बगतो, पर अवघड काम आलं की मलाच हाक मारत्यात.

तुझा,
लियाकत


कवठे महांकाळ,
१३ सप्टेंबर

प्रिय लियाकत,

तुझं पत्र येण्याआधीच मी नळ घेऊन बसवला. चूक झाली, कबूल.

दुकानदारानं गळ घातली. रबरी नरड्याचा नळ आहे, पाहिजे तिकडं वळतो, पुढं फवाऱ्याचं तोंड, दांडी एकच. दुकानात त्यानं चालू करून दाखवला तेव्हा झकास धार होती. इथं बसवला तर धार करंगळीपेक्षा बारीक. तांब्या भरायला मी घड्याळ लावलं, एक मिनिट चाळीस सेकंद. मनुबाई ओट्याशी उभी राहून धारेकडं बघत राहिली आणि आत गेली. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणतो प्रेशरचा पंप बसवा.

तू विचारलेलं सांगतो. टाकीचा तळ नळापासून साडेसहा फूट वर. जोडांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच. पाणी बोअरचं, कळशीला दोन महिन्यांत पांढरा थर चढतो. सोलर चालू आहे, दुपारी पाणी कढत येतं.

त्यावरून विचारतो, सोलरचं पाणी जरा कमी गरम यावं अशी काही सोय असते का? एखाद्याचा हात धारेखाली राहिला आणि भाजल्याचं कळलंच नाही, फोड आल्यावर कळलं, असं होऊ शकतं. खबरदारी म्हणून विचारतो.

मनुबाई रुसलेली नाही. तिच्या ओळी खाली आहेत.

सयाजी

भावजींना नमस्कार. येथील सर्व खुशाल. तेथील खुशाली कळवावी. हवामान ठीक आहे. – मनुबाई


उंब्रज,
१८ सप्टेंबर

सयाजी,

पयल्यांदा नळाचं. त्यो रबरी नरड्याचा नळ काढ आन दुकानात परत दे. फवाऱ्याच्या नळाला वरनं जोर लागतो, साडेसहा फुटावरच्या टाकीत त्यो कुठनं येणार? त्याच्या तोंडाला बारीक भोकं असत्यात, तुमचं जड पाणी ती दिवाळीआदीच बुजवून टाकंल. आन पंपाचं तर नावच काढू नगंस. त्यो दुकानदार पंप गार पाण्याच्या लायनीला जोडून देणार. मंग गार पाणी नळातनं उलटं सोलरच्या पायपात घुसणार, आन तुमी दोगं सोलर बिघडला म्हणून बोंबलत बसणार.

आता दुसरं.

म्या बहिरा झालोय, येडा न्हाई झालो. डावा हात म्हणतुयास. एक बोट म्हणतुयास. कोपर म्हणतुयास. हात भाजला आन फोड आल्यावर कळलं म्हणतुयास, वर खबरदारी म्हनं! आन वहिनींच्या ओळी तू सोता लिवल्यास. आरं गाढवा, अक्षर वाकडं काढलंस त्ये काढलंस, पर वहिनी जन्मात कवा हवामान लिवतील का? मी जेवलो का न्हाई ते इचारल्याबिगर त्यांनी एक बी पत्र सोडलं न्हाई.

वहिनींचा उजवा हात गेलाय. व्हय का न्हाई, तेवढं लिव.

मला राग आलाय, आन का आलाय त्ये बी सांगतो. हुसेनबीची डावी बाजू गेली तवा आमी लय माया केली तिच्यावर. सुनेनं सैपाकघर हातात घेतलं, म्हणाली, अम्मी, आता आराम करा. मी बी म्हणलं, कर आराम, लय केलंस. तीन वर्सं ती बाजेवर बसून भिताडाकडं बगत हुती. भांडं वाजलं की मान वर करायची. एकदा मला म्हणाली, समद्या गावाचं नळ बसवलंसा, माझ्या एका हाताला चालंल असा नळ तेवढा न्हाई बसवला. म्या हसण्यावारी नेलं. चाळीस वर्सं मिस्त्री म्हणून फिरलो, आन माझ्याच घरात मला सुचलं न्हाई. आता कान गेल्यात, पर तिचं त्ये वाक्य काय जात न्हाई.

म्हणून सांगतो, माझ्यापासनं लपवू नगंस.

लियाकत


कवठे महांकाळ,
२३ सप्टेंबर

लियाकत,

होय.

तेरा जूनला सकाळी भाकरी थापताना तिचा हात परातीतच राहिला. तोंड वाकडं झालं. मिरजेला दवाखान्यात नऊ दिवस होतो. पाय आला, बोलणं आलं, उजवा हात आला नाही. मनगटाच्या पुढं तिला काही जाणवत नाही. भाजला तो तिचाच हात. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, खाली आलो तर ती धारेखाली हात धरून शांत उभी, आणि हात लालबुंद.

यशराजला एवढंच सांगितलंय की बी.पी. वाढलं होतं, आता बरी आहे. मोबाइलवर तोंड दाखवून बोलते तेव्हा ती हात पदराखाली ठेवते. पोटच्या पोरापासून लपवता, असं तू म्हणशील. पण फौजीच्या घरात हे चालत आलंय, वर पोस्टवर असलेल्या माणसाला वाईट कळवायचं नाही. माझी आई गेली तेव्हा मी वर होतो. मनुबाईचं पत्र आलं, इकडे सर्व खुशाल. खाली उतरल्यावर दीड महिन्यानं मला कळलं. मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. पुढं कधीतरी डोक्यात आलं की ते तीन शब्द लिहिताना तिला काय झालं असेल. आता तेच ती मुलाला सांगते आणि मला तिचा शब्द मोडवत नाही. तिनं मला शपथ घातलीय. तुला लिहिताना ती मोडली, तिला अजून सांगितलेलं नाही.

ती हरलेली नाही रे. डाव्या हातानं तांदूळ धुते, आमटीला फोडणी देते. भाकरी जमत नाही, ती मी थापतो, त्यावर ती हसते. पण दिवसातून वीस वेळा ती नळाशी जाते आणि वीस वेळा तिला मला हाक मारावी लागते. परवा मी रेशनला गेलो होतो. आलो तर खरकटी भांडी तशीच, आणि ती ओट्याला टेकून रडत होती. म्हणाली, घेऊन जा मला पुण्याला, एक तांब्या पाणी घेता येत नाही, काय करायचंय असलं घर. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला धडकी भरली.

मी हुकूम पाळणारा माणूस. कोणता नळ, एवढं तू सांग. मी आणतो.

सयाजी


उंब्रज,
२८ सप्टेंबर

सयाजी गड्या,

सांगून व्हायचं न्हाई ह्ये काम. मीच येतो. दसरा झाला की शनवारी, चार तारखेला. एस्टीनं कराड, तिथनं सांगली, तिथनं तुझ्याकडं. मला न्यायला फाट्यावर हुबा रहा, मी हाका ऐकणार न्हाई.

नळ काढून ठेवलाय. पितळी हाय, वजनदार. वर एकच दांडी, वितीएवढी लांब, बोट लावलं तरी हलती. तोंड रुंद, आतली जाळी म्या काढून टाकली, म्हंजे क्षार अडकायची भानगड न्हाई. तुमच्या सहा इंचाच्या जोडावर गपकन बसंल.

आता एक गंमत ऐक. दोन दीस म्या उजवा हात कमरंला बांधून घरातला नळ वापरला. सरफराजला वाटलं, बाप गेला कामातनं. तवा कळलं की डाव्या हाताला दांडी डावीकडं वडायला सोपी, उजवीकडं ढकलाया जड जाती. आन जगात समद्या नळाला डावीकडं गरम असतंय. म्हंजे वहिनी घाईत दांडी वडणार, आन कढत पाणी त्या बधिर हातावर पडणार. म्हणून आपण उलटं करायचं. डावीकडं गार. गरम पायजे असंल तर मुद्दाम उजवीकडं ढकलायचं. भिंत फोडायची न्हाई, सैपाकघराच्या दोन पायपा म्या येगळ्या उतरवल्यात, स्लॅबवरच अदलाबदल करू. सोलरच्या लायनीचा कॉक बी निम्मा बंद करून टाकतो.

वहिनींना सांग, तुमची शपथ मोडली त्याचं पाप माझ्या डोक्यावर. लियाकतला समदं ठावं हाय, त्याच्यासमोर हात पदराखाली घिऊन बसू नका.

लियाकत


उंब्रज,
९ ऑक्टोबर

सयाजी,

पोचलो. सरफराज फाट्यावरच हुबा हुता. घरी सांगून आलो न्हवतो, त्यामुळं त्यानं मला धा मिंटं झापलं. मला ऐकू येत न्हाई ह्ये बरं.

तुला लिवलं हुतं, अवघड काम आलं की मलाच हाक मारत्यात. खोटं हुतं गड्या. वर्स झालं हात थरथरतो. सरफराज पाना हातात घिऊ देत न्हाई, दुकानात खुर्चीवर बसवून ठेवतो. त्यो बी मायेनंच करतो. पाना सटकला तवा तू बगितलंस आन मान फिरवलीस. वहिनींनी न्हाई फिरवली. त्या उठल्या, डाव्या हातानं नळ भिंतीला दाबून धरला आन म्हणाल्या, आवळा भावजी. त्यांचं ओठ बगून कळलं मला. त्या धरत्यात, तू वट्यावर बॅटरी घिऊन पालथा, आन म्या दोनी हातांनी पाना वडतोय. तीन म्हातारी मिळून एक मिस्त्री झाला. अर्ध्या तासाच्या कामाला सवातीन तास लागलं.

पर वहिनींनी दांडी वडली आन तू घड्याळ लावलंस. चौदा सेकंदात तांब्या भरला. त्यांनी त्यो वतला आन पुना भरला. मंग पुना. पाच वेळा भरला त्यांनी, म्या मोजलं. एस्टीत बसल्यावर मला रडू आलं, शेजारचा माणूस इचारत हुता काय झालं, म्या कानाकडं बोट दाखवलं.

एकच भ्या वाटतंय. यशराज नळाला हात लावंल, आन डावीकडं गरम हुडकणार. काय सांगणार हाईस त्याला?

लियाकत


कवठे महांकाळ,
३ नोव्हेंबर

प्रिय लियाकत,

यशराज अठराला सकाळी आला. दारात भाकरीचा तुकडा मी ओवाळला. आईनं का नाही, असं त्यानं विचारलं नाही. बूट काढून तो सरळ स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेला. त्यानं दांडी डावीकडं ओढली आणि गरम पाण्याची वाट बघत उभा राहिला. गारच येत राहिलं. मग उजवीकडं ढकलली आणि हात झटकला.

"पप्पा, कुणी बसवला हा? उलटा बसवलाय. पाना आणा, मी सरळ करून देतो."

मी जागचा हललो नाही. काय सांगावं ते मी पंधरा दिवस घोकत होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना. तेवढ्यात मनुबाई आली. तिनं पदर खांद्यावर टाकला, डाव्या हातानं दांडी ओढली आणि डाव्या हातानंच आपला उजवा हात उचलून धारेखाली धरला. म्हणाली, "माझ्यासाठी उलटा आहे."

त्यानं तो हात हातात घेतला. तळव्यावर अंगठा दाबला. "कळतंय, आई?" ती नाही म्हणाली. त्यानं परत दाबला. ती परत नाही म्हणाली.

मग तो बाहेर गेला आणि दुपारपर्यंत बांधावर बसून राहिला. मी गेलो तर म्हणाला, "आजी गेली तेव्हा तुम्ही आईशी महिनाभर बोलला नव्हता. मला माहीत आहे. मग माझ्या वाट्याला तेच का?" मी चुकलो म्हणालो. मुलाला असं मी पहिल्यांदाच म्हणालो.

पुण्याचा विषय त्यानं दोनदा काढला. तिथं दवाखाने आहेत, कामाला बाई ठेवू, सृष्टी आहे. त्याचंही खोटं नव्हतं. दोन्ही वेळा मनुबाई उठली आणि भांडी घासायला लागली. दुसऱ्या वेळी तो दारात उभा राहून बघत होता. ताट तिनं उजव्या कोपरानं ओट्याला दाबून धरलं, डाव्या हातानं घासलं, दांडी ओढली, विसळलं, पालथं घातलं. अशी सहा ताटं. मदतीला तो पुढं झाला तर तिनं त्याला हटकलं. नंतर तो विषय निघाला नाही. डॉक्टरांकडं मात्र तो तिला स्वतः घेऊन गेला, आणि आता रोज व्यायाम करून घ्यायला इथलीच एक ताई येते.

परवा निघताना बूट घालता घालता म्हणाला, "पप्पा, नळ सरळ करतो म्हणून कुणी आलं तर हात लावू द्यायचा नाही. माझा हात आत्ताशी उलटा वळायला लागलाय." रिक्षात त्याच्या एकट्याचीच बॅग होती.

खाली मनुबाईसाठी जागा सोडतोय. मी एक अक्षरही सांगितलेलं नाही.

तुझा,
सयाजी


लियाकतभावजी,

डाव्या हातानं लिवतीय. वाकडं आलंय, समजून घ्या. इकडं सर्व खुशाल न्हाई. उजवा हात गेला त्यो गेला. भाकरी येत न्हाई त्याचं लय वाईट वाटतं. कवा कवा एकटीच रडते. पर भांडी माझी मी घासते आन पानी माझं मी घेते. यशराजला आता खरं सांगायचं कबूल केलंय.

लोणचं पाठवलंय. लिंबं यांनी चिरली, फोडी मोठ्या हायत, गोड मानून घ्या. जेवला का?

तुमचा हात डॉक्टरला दाखवला का? उत्तर धाडा. खुशाल हाय असं लिवू नका.

मनुबाई